न्यूग्रेंजचं छत आणि तुमचा प्रश्न

प्रिय बाबा,

तुम्हाला जाऊन चार महिने झाले. तुमच्याशी मी एकदा खोटं बोललो होतो. तुम्ही होतात तोवर ते कबूल करायचा धीर झाला नाही, म्हणून आज लिहायला बसलोय.

आखातात, रिफाच्या त्या बंगल्यांच्या साइटवरचा डिसेंबर आठवतो? तुम्ही गवंडी, मी टाइमकीपर. डेक्लनसाहेब आपले सुपरवायझर, आयर्लंडचे. तुम्हाला इंग्रजी येत नव्हतं, त्यांना हिंदी. मधे मी.

त्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत त्यांनी सिमेंटच्या रिकाम्या गोणीवर एक चित्र काढलं. त्यांच्या गावाजवळचं न्यूग्रेंज. मातीदगडांचा भलामोठा गोल उंचवटा, आत अरुंद वाट, वाटेच्या शेवटी दगडी खोली, तिचं छत नुसत्या एकावर एक रचलेल्या दगडांचं. पाच हजार वर्षांपूर्वीची! वर्षातल्या सगळ्यात लहान दिवसांत उगवत्या सूर्याचा किरण दारावरच्या फटीतून थेट त्या खोलीपर्यंत जातो, म्हणाले. मी भाषांतर करत होतो आणि माझ्याच अंगावर काटा येत होता.

तुम्ही मात्र चित्रातल्या छताकडे बोट दाखवलंत. "चुना नाय, सिमेंट नाय. पावसाचा मुलूख. मग पानी गलत कसा नाय? इचार त्यांना."

मला लाज वाटली, बाबा. एवढी मोठी गोष्ट आणि तुम्हाला गळतीचं पडलंय! मी साहेबांना म्हणालो, "माझे वडील म्हणतात, व्हेरी नाइस." आणि तुम्हाला सांगितलं, "त्यांना माहीत नाही."

तुम्ही उठलात, फुटक्या लाद्यांचे तुकडे गोळा केलेत आणि वाळूवर गोल रचायला लागलात. प्रत्येक थर खालच्यापेक्षा बोटभर आत, अगदी चित्रातल्यासारखा, वर एकच लादी झाकण म्हणून. मग मगातलं पाणी वरून ओतलंत. आत टपटप गळलं. तुम्ही मान वर करून साहेबांकडे पाहिलंत.

साहेब इस्त्रीच्या पँटीनिशी वाळूत गुडघ्यांवर बसले! तुमची छन्नी मागून घेतली. लाद्या उतरवून त्यांच्या पाठीवर खाचा मारल्या, बाहेरच्या बाजूला जरा कलत्या करून पुन्हा बसवल्या. "तिथल्या दगडांवर अशाच पन्हळी कोरल्यात," ते मला म्हणाले. "वरून माती, त्यामुळे दिसत नाहीत. फटींत भाजलेली माती आणि समुद्राची वाळू भरलीय."

पुन्हा पाणी ओतलं. खाचांतून बाहेर वाहून गेलं. तुम्ही आत हात घातलात.

"कोरडा!"

डोक्यावरचं हेल्मेट काढून तुम्ही वाळूवर ठेवलंत. मग हळूच म्हणालात, "माज्यासारकाच कोनतरी असंल रं. पाच हजार वर्सांमागं पान्याशी भांडत बसला असंल."

"काय म्हणाले?" साहेबांनी विचारलं.

या वेळी मी शब्दन् शब्द सांगितला. साहेबांनी छन्नी तुमच्या हातात परत दिली. मग म्हणाले, "ही गोष्ट मी किती जणांना सांगितली. सगळे उन्हाचं विचारतात. पावसाचं आजवर कुणी विचारलं नव्हतं."

हे तुम्हाला सांगितलं, तेव्हा तुम्ही माझ्याकडे पाहिलंत. साहेबांना सगळं माहीत होतं, म्हणजे माझं खोटं उघडं पडलं होतं ना? पण ओरडला का नाहीत? चार लोकांत एक कानाखाली लावली असतीत तरी चाललं असतं! तुम्ही फक्त कपडे झटकलेत. "चल, यल्ला. भिंत अर्धी ऱ्हायलीय."

तुमचं विचारणं मला अडाणीपणाचं वाटलं होतं. खरं तर त्या जागेतली सगळ्यात अवघड गोष्ट तुम्हाला एका चित्रावरून दिसली होती. ती बांधणाऱ्यांना तुम्ही ओळखलंत, आणि मी तुम्हालाच ओळखलं नाही.

बाबा, एकदा मी तिथे जाईन. लहान दिवसाच्या किरणासाठी नाही, तो पाहणारे पुष्कळ आहेत. धो धो पाऊस असेल अशा दिवशी जाईन, वाकून आत शिरेन आणि त्या छताला हात लावीन. तिथे जो कुणी असेल त्याला सांगेन, माझे वडील गवंडी होते.

तुमचा,
दत्ता