मसुराच्या आमटीची वाटी

परभणी, रविवार संध्याकाळ

आमच्या चर्चच्या पाळकबाईंचं आता अती व्हायलंय. शास्त्राभ्यासात बायबलातली इब्री लोकांची जुनी गोष्ट सांगायची आणि वर म्हणायचं, "ही तुमच्या घरात कुठं घडली ते सांगा." आज दोन भावांची होती. थोरला शिकारीहून उपाशी आला आणि वाटीभर मसुराच्या आमटीसाठी थोरलेपणाचा हक्क धाकट्याला देऊन बसला. सगळ्यांत मोठ्यानं मीच हसले. "लय येडा! आमटीसाठी कुणी हक्क सोडतंय का?"

पाळकबाई हसल्या नाहीत. "तुमी मागच्या महिन्यात जिंतूरला भावाकडं गेलता ना, सहीला?"

कौतुकानं मीच सांगितलं होतं त्यांना. वडिलांच्या शेतातला हक्क सोडल्याची सही. दादानं कागद पुढं केला, वहिनीनं पुरणपोळी वाढली, साडी दिली. मी वाचलंसुद्धा नाही.

आज घरी येऊन यांना पाळकबाईंचं बोलणं सांगितलं, तर पेपरातून मान वर न करता म्हणाले, "सगळ्याच बहिणी सोडत्यात." झालं!

भांडी घासताना पण तीच आमटीची वाटी डोळ्यांपुढं. चिडू तरी कुणावर? तो थोरला निदान उपाशी होता. मी तर घरून जेवून गेले होते.