खांबांचं वय

१४ जून

प्रिय दादा,

तुला आणि वहिनीला नमस्कार, पोरींना गोड पापा. मी बरी आहे. गुडघा अधूनमधून कुरकुरतो, पण तुझ्या कंबरेपुढे माझ्या गुडघ्याचं कौतुक ते काय! परवा काठीशिवाय जिना उतरलास म्हणे. वहिनीने फोनवर सांगितलं आणि मी ऑफिसातच रडायला लागले. शेजारची टायपिस्ट घाबरून पाणी घेऊन आली.

फोन असताना पत्र कशाला, असं म्हणशील. फोनवर तू मला बोलू देतोस कुठे? पत्रात तुझं काही चालत नाही.

आधी बातमी. खांबांचं धोरण बदललं, दादा! काल आमच्या कंपनीच्या समितीने सही केली.

तू मला नेहमी चिडवायचास, "तुमची ती वरची कंपनी ना वीज बनवते, ना तारा ओढते. मग करता काय दिवसभर?" खरंच आहे. वीज विकतात त्या खालच्या चार कंपन्या, आम्ही नुसते त्यांचे मालक. वर्षाअखेरीला चौघींचे हिशेब एकत्र करायचे आणि ते कोणत्या नियमांनी केले ते अहवालाच्या मागे बारीक अक्षरात छापायचं, हे माझं काम. ते बारीक अक्षर कुणी वाचत नाही, असं तुझं म्हणणं. मलाही तसंच वाटायचं.

त्यातली एक ओळ खांबांची. लाकडी खांब जितकी वर्षं टिकेल असं धरायचं, तितक्या वर्षांत त्याची किंमत थोडी थोडी खर्ची टाकायची. त्याला आम्ही घसारा म्हणतो. पूर्वी पस्तीस वर्षं धरायचे, मी पन्नास केली. कारण कॉम्प्युटर सांगत होता की आपले खांब सरासरी अकरा वर्षांचे आहेत, अगदी तरणेबांड. घसारा कमी झाला, नफा छान दिसला, मोठे साहेब खूश, मला शाबासकी. पण खांब कधी बदलायचे ती यादीही याच आकड्यावरून निघते. ती आपोआप पंधरा वर्षं पुढे गेली. तेव्हा हे माझ्या डोक्यातसुद्धा आलं नाही.

खांब तरुण कसे निघाले, ठाऊक आहे? तुम्ही लाइनमन लोकांनी मध्यंतरी सगळ्या खांबांवर नव्या नंबरपाट्या ठोकल्या ना, त्यांच्यावर ठोकल्याची तारीख होती. माहिती भरणाऱ्यांनी तीच तारीख खांब उभा केल्याची म्हणून भरली. आजोबांना नवा शर्ट घातला आणि जन्मतारीख शर्टाच्या पावतीवरून लिहिली! आणि मी, एवढी शिकलेली, त्याच्यावर सही करून मोकळी झाले.

आता ते बंद. खांबाचं वय बुंध्यावर डागलेल्या मूळ खुणेवरून धरायचं, आयुष्य बत्तीस वर्षं, आणि दर पाच वर्षांनी माणसाने जाऊन हातोडीने वाजवून बघायचं. हे सगळं बारीक अक्षरात छापून येणार. साहेब म्हणाले, "अहो बाई, नफा खाली येईल." मी म्हणाले, "येऊ द्या की. खांब खाली आला तेव्हा कुणी काय केलं?"

आता तू विचारणारच, की एवढी वर्षं झोपलेल्या बाईला जाग आली कशी.

तुझ्या यादीमुळे, दादा. टपालात गहाळ झाली म्हणून मी तुला सांगितलं होतं ना, त्याच यादीमुळे.

गहाळ झाली नव्हती. मला मिळाली होती. कामाच्या कार्डांच्या पाठीवर तुझ्या त्या मोठ्या मोठ्या अक्षरात एक्केचाळीस खांब, आणि खाली, "साहेब ऐकत नाहीत, तू तरी बघ. हे सगळे आतून पोखरलेत." मी वाचली. हिशेब बंद व्हायला तीन आठवडे उरले होते. आत्ता हे उकरलं तर सगळंच पुन्हा करावं लागेल, आणि बढतीचंही चाललं होतं. म्हटलं, नंतर बघू. खणात टाकली. तीन महिन्यांनी यादीतला सतरावा खांब कोसळला आणि शेजारच्या खांबावर चढलेल्या तुला तारेने खाली ओढलं.

दवाखान्यात शुद्धीवर येताच तू विचारलंस, "यादी मिळाली होती का गं?" आणि मी म्हणाले, "नाही रे. टपालात गहाळ झाली असेल." तू वर माझाच हात थोपटलास. तो हात मला वर्षभर झोपू देत नाही.

आणि तू राग काढलास पोस्टमनवर. वीस वर्षं ज्याच्याबरोबर बुद्धिबळाचा डाव मांडलास, त्याला दारातून हाकललंस. वहिनी सांगते, तो हल्ली पत्रं ओट्यावर ठेवतो आणि मान खाली घालून निघून जातो. त्याने काहीही केलेलं नाही, दादा. जे केलं ते मी केलं.

समितीपुढे मी हेही सांगितलं. लेखी ताकीद मिळाली, बढती गेली. जाऊ दे.

तुझ्या एक्केचाळीसपैकी एकोणचाळीस खांब धोरणाच्या सहीची वाट न बघता आधीच बदलून झाले. उरलेले दोन धडधाकट निघाले, तेव्हा फार मिशीवर ताव देऊ नकोस. आणि तुमच्या विभागाच्या इंजिनिअरचं पत्र तुला येईल. नवीन तपासनिसांना खांब वाजवून ओळखायला शिकवणारा माणूस हवा आहे. चढायचं नाही, नुसतं चालायचं आणि कान द्यायचा. वशिला माझा नाही, देवाशपथ. तुझं नाव त्यांनीच काढलं. माझ्यावरच्या रागापायी नाही म्हणू नकोस.

पोस्टमनला मी वेगळं लिहिलं आहे, हात जोडून माफी मागितली आहे. पण माझी माफी त्याच्या काय कामाची? हाक तू मारायला हवीस. उद्या तो टपाल ठेवायला येईल तेव्हाच मार.

रविवारी सकाळच्या बसने येते आहे. शिव्या दे, तोंड फिरव, काय वाटेल ते कर. पण मला मागच्यासारखं थोपटू नकोस. या वेळी मी समोर उभी राहून सगळं ऐकून घेणार आहे.

दार उघडशील की नाही ठाऊक नाही, तरी तिकीट काढून बसलेली,
तुझी धाकटी