साक्षीनं पाठवलेल्या लिंका

पालम,
दि. ९ मार्च २०२५

चि. साक्षी,
सप्रेम जयभीम.

इकडं आमी सगळे खुशाल हाव. आईचा गुडघा कुरकुर करतो, पण तिचं दुकानात येणं काही थांबत न्हाई. सकाळी माझ्या आधी येऊन बसते, ब्लाऊजला हुक लावते, तुरपाई करते, अन् येईल त्या गिऱ्हाइकाला तुझ्या कंपनीचं नाव सांगते. माप द्यायला आलेली बाई हात वर करून उभी अन् आईचं आपलं चालूच. तुझे दाजी एसटी घेऊन परभणीच्या फेरीला गेलेत. ऊन लय तापायलंय.

पत्र बघून तू म्हणशील, ताईला झालं तरी काय, फोन हाय की हातात. फोनवर तुझं एकच, 'मीटिंगमधी हाय ताई, नंतर करते.' ते नंतर काही येत न्हाई. अन् चुकून तू फोन उचललाच तर आई स्पीकर चालू करायला लावते, मग आपण दोघींनी बोलायचं काय? म्हणून पत्र.

काम असं हाय. मला टेक्नॉलॉजीच्या बातम्या ऐकायच्यात. हसू नको गं! दिवसभर माझे हात अन् पाय मशीनवर गुंतलेले असतेत, कान तेवढे मोकळे. गाणी ऐकून ऐकून पाठ झाली. म्हणलं, आपली बहीण ज्या धंद्यात हाय त्यातलं चार शब्द आपल्यालाबी कळू देत. पण हितं कुणाला विचारलं तर कायबी लावून देतेत. बसस्टँडसमोरच्या पप्पू फ्लेक्सवाल्यानं मला एक चॅनल दाखवलं. त्यातला पोरगा निस्ता ओरडतो. प्रत्येक फोन 'जबरदस्त', प्रत्येक बातमी 'धक्कादायक'. तारीख कुठं लिहिलेली न्हाई. बातमी आजची का परवाच्या सालची, त्याचं त्याला मालूम. असल्याला मी दुकानात उभंबी करणार न्हाई.

तर तू शिकलेली हायस, मला चांगल्या साइटा अन् पॉडकास्ट सांग. खरं सांगणारे पाहिजेत. मराठी असलं तर लय बेस, हिंदी चालंल, इंग्रजी असलं तरी फोन मराठी करून दाखवतो. ते मराठी वाचून हसू येतं, पण मतलब कळतो.

आता दुसरं. जयंतीला येणार न्हाईस असं आईला परस्पर सांगितलंस, ते मला काही पटलं न्हाई. मंडळानं तुझा सत्कार ठरवलाय. एवढ्या मोठ्या कंपनीत इंजिनिअर झालेली आपल्या वस्तीतली पहिलीच पोरगी म्हणून. आईचे पाय जमिनीवर न्हाईत. असला कसला प्रोजेक्ट बाई तुझा, जो चौदा एप्रिललाबी सुटी देईना? मी काही बोलत न्हाई. पण विचार कर.

लिंका पाठव. येळेवर जेवत जा.

तुझी ताई,
राजेश्री


पालम,
दि. १ एप्रिल २०२५

साक्षे,
जयभीम.

एवढं मोठं पत्र लिहिलं, त्याचं उत्तर तू लिंकांनी दिलंस. व्हॉट्सअॅपवर टपाटप येऊन पडल्या, संगं अक्षर एक न्हाई. 'ताई, कशी हायस' एवढंबी न्हाई. तरी मी खूश झाले. कशा वाटल्या ते सांगते.

ती इंग्रजी साइट मला आवडली. बातमीवर तारीख, लिहिणाऱ्याचं नाव, अन् त्याला कुणी सांगितलं तेबी. ठाऊक नसलं तर 'आम्ही विचारलं, कंपनीनं उत्तर दिलं नाही' असं सरळ लिहून मोकळे होतेत. दुसरी साइट दिसायला झकपक, पण तिच्यात बातमी कोणती अन् जाहिरात कोणती तेच कळंना. ती मी काढून टाकली. तू पाठवलेली असली म्हणून काय झालं? मराठी पॉडकास्ट गोड हाय, पण तो बाबा महिन्यातून एकदा बोलतो अन् गायब होतो.

मला लागला तो हिंदीवाला. एक बाई अन् एक गडी बोलतेत. बाई मोठी खट हाय. गडी काही बोलला की मधीच थांबवून विचारते, 'हे तुला कुणी सांगितलं?' एका भागात सुरुवातीलाच म्हणली, मागच्या वेळी आमी चुकीचं सांगितलं होतं, ते असं न्हाई, असं हाय. मी मशीनच थांबवली. आपण होऊन चूक सांगणारं माणूस मला तरी टीव्हीवर कधी दिसलं न्हाई. आता ते दोघं आपल्या दुकानात कामाला असल्यासारखेच हायत. परवा एक बाई फॉल-बिडिंगची साडी न्यायला आली, तर पैसे द्यायच्या आधी विचारते, 'वहिनी, ते ओटीपी मागणाऱ्याचं काय म्हणले होते तुमचे लोक?' मी तिला सगळं समजावून सांगितलं. दाजी म्हणतेत, तू आता शिलाई बंद कर अन् बातम्या दे. खरंच सांगते, लय मजा यायली. इतक्या वर्षांत शाळेनंतर काही नवं शिकले ते हेच.

आता मुद्द्याचं लिहिते. कालपासून लिहायचं टाळायलेय.

हौस आली म्हणून मी लिंका मागितल्या न्हाईत. पप्पूनं त्या ओरडणाऱ्या पोराचा जो व्हिडिओ दाखवला, त्यात तुझ्या कंपनीनं माणसं काढल्याचं होतं. मग म्हणलं, ह्याला तारीख न्हाई, कुणाचं नाव न्हाई, ह्याच्यावर कामून विश्वास ठेवायचा? तुला फोन लावला, तू मीटिंगमधी. खरं सांगणारं कुणीतरी मला पाहिजे होतं, अन् ते मी तुलाच विचारलं.

गेल्या आठवड्यात त्या बाईनं सांगितलं. ह्या वर्षी कुठं कुठं माणसं कमी केली, त्याच्यावरच भाग होता. ती काही ओरडली न्हाई. तुमच्या कंपनीचं नाव घेतलं, म्हणली बंगळुरूचा तो विभाग जानेवारीतच बंद झाला, सगळ्यांना घरी पाठवलं, कंपनीनं स्वतः पत्रक काढलंय. विभाग तुझाच. मग ती इंग्रजी साइट उघडून बघितली. तिथंबी तेच, तारखेसकट.

तूच पाठवलेल्या लिंका ह्या. तोंडानं सांगता येईना म्हणून पाठवल्यास का गं? का ध्यानातच आलं न्हाई तुझ्या? मला अजून उमगंना.

नोकरी गेली त्याचं मला काही न्हाई. ती दुसरी भेटंल. पण जानेवारीपासून तू एकटी खोलीत बसून आमाला मीटिंग सांगायलीस, त्याचं लय वाईट वाटलं. शटर अर्धं ओढून रडले. मग रागबी आला. अगं, आमी काय मंडळाची माणसं हाव का, गळ्यात हार घालून घरी जाणारी? आमाला सांगायला तुला लाज कशाची वाटली?

तू जयंतीला कामून येईनास ते तवा माझ्या ध्यानात आलं. नसलेल्या नोकरीचा सत्कार कसा घ्यायचा, हेच ना? मीबी तुझ्या जागी असते तर आले नसते. म्हणून मी पप्पूकडं गेले. जयंतीचा फ्लेक्स त्यानंच बनवलाय. वर बाबासाहेब, खाली तुझा फोटो, अन् तुझ्या नावापेक्षा कंपनीचं नाव मोठं. म्हणलं, काहीतरी कारण सांगून ते काढायला लावावं. अक्षरं दाटी करायलीत, असं सांगायचं मी वाटेनं ठरवून ठेवलं होतं.

मी तोंड उघडायच्या आत पप्पूच म्हणला, 'ताई, कंपनीचं नाव काढलंय बरं का. तुमच्या आई, सगुणाकाकू, येऊन सांगून गेल्या. निस्तं साक्षी लिही म्हणल्या, आमच्या पोरीला लोक तसंबी ओळखतेत.'

मी तिथंच स्टुलावर बसले.

झालं असं, की माणसं काढल्याचा तो भाग ऐकला त्या दिवशी माझा इअरफोन बिघडला होता, म्हणून मी पॉडकास्ट स्पीकरवर लावला होता. आई बाजूलाच तुरपाई करत होती. म्हणलं, असल्या बातम्यांतलं तिला काय कळतंय? अन् खरंच काही कळत न्हाई गं. पण त्यातला एक शब्द तिला येत होता. तुझ्या कंपनीचं नाव. इतकी वर्षं दिवसभर तेच तर तोंडात होतं तिच्या. पुढं तिनं कुणाला विचारलं, गुडघा धरत बसस्टँडपर्यंत कधी गेली, मला काहीच कळू दिलं न्हाई.

घरी आले तर भाकरी थापायली होती. विचारलं, 'आई, पप्पूकडं गेली होतीस?' तिनं वरबी बघितलं न्हाई. म्हणते, 'तिला कळवू नको मला ठाऊक हाय म्हणून. लेकरू आपल्या तोंडानं सांगंल तवा सांगंल. अन् सर तिकडं, शेंगदाणे भाजायचेत. तिला चटणी लागती.'

मी तिचं ऐकलं न्हाई. तुला लिहायलेय. ह्या घरात एक जण दुसऱ्यापासून लपवतंय, दुसरं तिसऱ्यापासून. पुरे झालं आता.

मंडळाला मी सांगितलं, सत्कार-बित्कार काही नको. साक्षी विहारात पोरींना घेऊन बसंल, अन् मोबाईलवरची खरी बातमी कशी ओळखायची ते सांगंल. ते लगेच हो म्हणले. बंगळुरू सोड असं मी म्हणत न्हाई. तिथंच दुसरी नोकरी हुडक, लागंल तेवढे दिवस हुडक. पण आधी घरी ये.

आई आता गिऱ्हाइकाला कंपनीचं नाव सांगत न्हाई. 'माझी साक्षी येणार हाय जयंतीला,' एवढंच सांगते. तुला न विचारता सांगते.

तुझी ताई,
राजेश्री

आणि जिला काहीच ठाऊक न्हाई, ती तुझी आई.