फवाऱ्यातली दारू

१ ऑगस्ट १९७९, बुधवार
आजपासून रोजनिशी. कारण शास्त्रीय आहे.
डॉ. हेडाऊ म्हणतात मला दमा आहे. मला दमा नाही. खडू आहे. इतकी वर्षं फळ्याशी उभी राहून शिकवते, भुकटी घशात जाते, मग छातीत शिट्टी वाजते. एवढंच. डॉक्टर तरुण आहेत. तरुण डॉक्टरांच्या हाती नवीन काही आलं की सगळ्यांना त्याचाच आजार होतो.
नवीन म्हणजे पंप. अंगठ्याएवढी डबी. तोंडात धरायची, दाबायची, श्वासाबरोबर औषधाचा फवारा आत ओढायचा. यांनी (म्हणजे विश्वनाथ यांनी, रोजनिशीत तरी नवऱ्याचं नाव घ्यायला हरकत नाही) लगेच विकत घेतला. घरी नंदनवनला पोचेपर्यंत स्कूटरवर विचारत होते, आता बरं वाटून राहिलं ना वं. खोकं अजून फोडलंही नव्हतं.

२ ऑगस्ट
खोक्यावरचं भिंगातून वाचलं. आधी औषधाचं नाव. खाली मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरात, द्रावक : अल्कोहोल.
भिंग पुसून परत वाचलं. तेच.
द्रावक म्हणजे ज्यात पदार्थ विरघळतो ते. आठवीला मीच शिकवते, साखर आणि पाणी घेऊन. पण साखरेचं पाणी कुणी फुप्फुसात मारून घेत नाही. शिवाय दर पंधरा ऑगस्टला शाळेत मुलींना नशाबंदीची शपथ मी देते. ती बाई पर्समध्ये दारू घेऊन फिरणार?
ठराव : द्रावक निर्धोक आहे हे सिद्ध होईपर्यंत पंप तोंडाला लावायचा नाही. चाचण्या स्वतः घ्यायच्या. बीएस्सीला केमिस्ट्री होती.
दमा नाहीच, त्यामुळे घाईही नाही.

३ ऑगस्ट
डॉक्टरांना जाब विचारला. ते म्हणाले, बाई, औषध कशात तरी विरघळवल्याशिवाय फवाऱ्यात येणार कसं? त्यातलं अल्कोहोल इतकं थोडं, की एखाद्या फार पिकलेल्या केळ्यातही त्याहून जास्त निघेल. तुम्हाला धोका द्रावकाचा नाही, श्वास कोंडण्याचा आहे.
शेवटचं वाक्य त्यांनी माझ्याकडे न बघता, यांच्याकडे बघून म्हटलं. मला ते आवडलं नाही.
केळ्याबद्दल मात्र माहीत नव्हतं. धक्का बसला.

४ ऑगस्ट, शनिवार. अर्धी शाळा
चाचणी एक : समईच्या ज्योतीवर फवारा. ज्योत निळी झाल्यासारखी वाटली. म्हणजे झालीच.
चाचणी दोन : आरशावर फवारा. डाग राहतो का? राहिला. पदराने पुसला तर गेला. डाग बहुधा आधीचाच होता. खात्रीसाठी परत मारला. परत पुसला.
चाचणी तीन : ओट्याखालच्या झुरळावर. थांबलं, मिशा हलवल्या, आणि आधीपेक्षा जोरात पळालं. निष्कर्ष लिहायला बसले, तेव्हा आठवलं की झुरळाला फुप्फुसं नसतात. तेही आठवीला मीच शिकवते.
उद्या पुन्हा घेऊ.

६ ऑगस्ट, श्रावण सोमवार
उपास. सासूबाईंनी फराळाच्या ताटात केळं ठेवलं. बाजूला सारलं. त्या म्हणाल्या, काहून वं, केळ्यानं काय केलं तुयं? सांगितलं की त्यात अल्कोहोल असतं. त्यांनी केळं उचललं, वास घेतला, सोललं, आणि माझ्यासमोर सावकाश खाल्लं. म्हणाल्या, मले तं नाही चढली.
चाचण्या चालू. आरसा फार स्वच्छ निघाला आहे.

९ ऑगस्ट
हे खूश. पंप हातात घेऊन कानाशी हलवला. म्हणाले, हलका झाला, नेमानं घेऊन राहिली तू. मला वाटलं होतं ऐकणार नाहीस.
नेमाने वापरते हे खरंच आहे. कुठे वापरते ते त्यांनी विचारलं नाही.
पदर खोचताना आईची आठवण झाली. उमरेडला हातमागाशेजारी बसून कांड्या भरायची. भरता भरता थांबायची, दोन्ही तळवे जमिनीवर टेकायची. शेजारच्या अनुसयाबाई विचारायच्या तर म्हणायची, काही नाही वं, सुताची भुकटी गेली. मग हसायची. हसण्यात शिट्टी असायची.
हे इथे कशाला लिहिलं कळत नाही. विषय द्रावकाचा आहे.

११ ऑगस्ट
तोडगा सापडला. महाल भागातल्या वैद्यांकडून आसवाची बाटली आणली. निव्वळ वनस्पती, मुरवलेल्या. पंपात रसायन, यात निसर्ग. जेवणानंतर चार चमचे. घशातून ऊबदार उतरतं. सासूबाईंना अभिमानाने सांगितलं, दारू ज्यात असेल ते या घरात नको. झोप उत्तम लागली.

१३ ऑगस्ट, श्रावण सोमवार
आसवाचा गुण आहे. मन प्रसन्न. भाजी चिरताना गाणं म्हटलं. सासूबाई दारात येऊन पाहून गेल्या. थोड्या वेळाने परत येऊन पाहून गेल्या.
शिट्टी आहेच. पण आता तिचं वाईट वाटत नाही.

१५ ऑगस्ट
नशाबंदीचं भाषण अविस्मरणीय झालं. सकाळी घसा मोकळा राहावा म्हणून सहा चमचे घेऊन गेले होते. "मी आजन्म कोणत्याही मादक पदार्थाला" इथपर्यंत शपथ आली आणि पुढचा शब्द निघेना. टेबलाला धरून उभी राहिले. मैदान एकदम शांत. पहिल्या रांगेतल्या मुली रडायला लागल्या. मुख्याध्यापिकाबाईंनी डोळे पुसले, म्हणाल्या, प्रेमिलाताई, किती तळमळीनं बोलता हो!
विरामाचं महत्त्व वक्तृत्वात फार असतं. यापुढे मुद्दाम घ्यावा.

१८ ऑगस्ट
वर्ग वरच्या मजल्यावर. जिन्यात दोनदा थांबून खिडकीतून झाडं पाहिली. शाळेतल्या झाडांकडे आपलं लक्षच नसतं. बसून शिकवण्याची नवी पद्धत सुरू केली.
खडूचा दर्जा घसरला आहे. तक्रार करणार.

२२ ऑगस्ट, पोळा
निर्णय झाला. उद्या मारबत, पीडा घेऊन जाणाऱ्या पुतळ्याची मिरवणूक. नागपूरभरचे लोक घरातली पीडा तिच्या हवाली करतात, आमच्या घरची पीडा हा पंप आहे. चाचण्या पूर्ण, निष्कर्ष प्रतिकूल. कागदात गुंडाळून सासूबाईंच्या टोपलीत ठेवला, मोडका झाडू आणि फाटकं सूप यांच्यासोबत. त्या म्हणाल्या, पाहून घे वं, एकदा देल्लं का वापस नाही येत. म्हटलं, पाहिलंय.
हे आसवाची बाटली हातात घेऊन माझं भिंग शोधत होते.

२३ ऑगस्ट, गुरुवार
जमेल तेवढं लिहिते.
महालात नणंदेच्या गल्लीच्या तोंडाशी उभे होतो. पोरांची लहान मारबत आधी आली. सासूबाई टोपली घेऊन पुढे गेल्या, रिकामी करून आल्या. मग मोठी पिवळी मारबत. ढोल, धूर, धूळ. सगळे ओरडत होते, खांसी-खोकला, रोगराई घेऊन जा गे मारबत! मीही ओरडले. "खांसी" म्हटलं आणि "खोकला" आलाच नाही. हवा आत जाईना. बाहेरही येईना.
एका बंद दुकानाच्या पायरीवर बसले. दोन्ही तळवे पायरीवर टेकलेले होते. ते हात माझे वाटेनात. आईचे वाटले.
यांना सांगायचं होतं की खडू आहे. तिथे खडू नव्हता.
तेवढ्यात सासूबाईंनी कनवटीतून पंप काढला. म्हणाल्या, घे. मारबतीले तुयी ते बाटली देल्ली मी. विश्वनाथनं वाचून दाखवलं मले, तिच्यात चांगली मुरलेली दारू हाय म्हनून. दारू घरात नको, तूच तं म्हनलं होतं.
यांनी टोपण काढलं, पंप माझ्या तोंडाला लावला, दाबला. फुस्स. काही नाही. हलवला, दाबला. नाही. यांचा चेहरा पांढरा पडला. म्हणाले, असा कसा संपला, तू तर बरोबर घेत होतीस ना वं?
मला आरसा दिसत होता. लख्ख.
तिसऱ्यांदा हलवून दाबला तेव्हा एक फवारा आला. एकच. तो मी आत ओढला. चव कडू, थंड. यांनी सायकल-रिक्षा थांबवली. डॉ. हेडाऊंच्या दारापर्यंत तो एक फवारा पुरला. पुढचं त्यांच्या इंजेक्शनने केलं.
सासूबाई रिक्षात माझी पाठ चोळत होत्या. एवढंच म्हणाल्या, केळं खात जा.

२५ ऑगस्ट, शनिवार
खडू नव्हता. आईचीही ती सुताची भुकटी नव्हती. तिला हे कुणी सांगितलं नाही. मला सांगितलं, तर मी भिंग घेऊन बसले.
दमा आहे. सौम्य. डॉक्टर म्हणतात मध्यम. डॉक्टर तरुण आहेत.
नवा पंप आला. हे समोर उभे राहून घ्यायला लावतात. त्यांना चाचण्यांबद्दल सगळं सांगितलं. समई, आरसा. ते इतके हसले की सासूबाई धावत आल्या. झुरळाचं मात्र सांगितलं नाही.
ते आज ओट्याखाली पुन्हा दिसलं. तब्येत ठणठणीत. चप्पल उचलली होती, खाली ठेवली. एकाच औषधावरचे आम्ही.