बिनसेलची चावी

अहो, गाडी चोरीले गेली नाही. मी घेऊन चालली, दुर्ग स्टेशनवर.

काल तुम्ही म्हणाले, गाडीच्या चावीचा सेल संपला, समृद्धीले ऑटोनं येऊ दे. लग्नानंतर दोन वर्षांनी पोरगी आज पहिल्यांदा घरी येऊन राहिली, अन् ऑटोनं? मग तिनंच ट्रेनमधून फोनवर समजावलं. चावीच्या आत लोखंडाची छोटी चावी असते, त्या चावीनं मी गाडीचं दार उघडलं. असा भोंगा वाजला की शेजारच्या शीलाताई लाटणं घेऊनच बाहेर आल्या. मग ब्रेक दाबून चावी स्टार्टच्या बटनाले टेकवली, अन् गाडी चालू. इंजिन बंद करायची हिंमत नाही, म्हणून घाईत लिहून राहिली. चालवणं सेक्टर १० च्या मैदानात तुम्हीच शिकवलं होतं, तेव्हा रागावू नका.

तर्रीत तिखट कमी टाकलं आहे, जावयाले सोसत नाही.

अन् चावी खोलली, तर आत सेलच नव्हता. तुमच्या चष्म्याच्या डब्यात सापडला. समृद्धीले अजून काही सांगितलं नाही. आम्ही येऊ तेव्हा तुम्ही गेट उघडून उभे दिसले, तर सांगणारही नाही.

सत्यभामा