मंजूर गल्लीचा ठसा

१४ जुलै, सोमवार

नगर कार्यालयाला माझा, फळीवर कोरून छापलेला लाकूडठसा हवाय! आमच्या गल्लीचा, नदीकाठच्या जुन्या इमारतींसकट. सतरा ऑगस्टच्या आमच्या स्वातंत्र्यदिनापर्यंत बारा प्रती, कापडावर. सुशोभन समितीचे पाक हर्दियांतो स्वतः आले. आमच्याकडे साहेबही पाक आणि काकाही पाक. मुर्तिनाहच्या टपरीवर कोंबडीचा रस्सा, सोतो, दोन वाट्या ओरपला. म्हणाले, "भावना दिसली पाहिजे हं!"

मुर्तिनाह माझी बायको. जिन्याखाली तिची टपरी आहे, अठरा वर्षं. आज तिने वाटीत कोंबडी जरा जास्तच घातली.

२१ जुलै, सोमवार

पहिला ठसा दाखवून आलो. माझ्या इमारती वाकतात, एकमेकींच्या खांद्यावर डोकं टेकतात. गावच्या शाळेत मास्तर म्हणायचे, तुझी घरं झोकांड्या खातात. समितीही तेच म्हणाली.

"घरं सरळ उभी राहणार नाहीत का?"

मी म्हटलं, साहेब, थकलीत ती.

"बरं, मग विजेच्या तारा काढा. वाळत घातलेले कपडे काढा. पाहुणे येणार आहेत."

काढलं. लाकडात हे सोपं असतं — जे कोरून काढलं ते छापात पांढरं. परत घालता मात्र येत नाही.

२८ जुलै, सोमवार

आता माणसं खटकतात! पाक सुकीरची बाक्सोची, मांसाच्या गोळ्यांच्या सुपाची, गाडी म्हणे वाहतुकीला अडथळा. चित्रात वाहतूक आहेच कुठे? "तेच तर! गाडीमुळेच अडलीय." काढली. म्हाताऱ्या बू तुम्बिनीची काढ्याच्या बाटल्यांची टोपली आणि टोपलीखालची बू तुम्बिनी — "आरोग्य खात्याचे साहेब बघणार आहेत." काढली.

मांजर राहिलं. मांजराबद्दल कोणत्याच खात्याचं काही म्हणणं नाही.

संध्याकाळच्या नमाजेत मन लागलं नाही. लाकूडच तर आहे, असं स्वतःला सांगितलं.

१ ऑगस्ट, शुक्रवार

"आणि ही जिन्याखालची टपरी?"

मी म्हटलं, ती काढली तर जिना उभा राहणार नाही. चित्र कोसळेल. पाक हर्दियांतो गंभीर झाले. "कोसळायला नको." टपरी राहिली. शिक्का बसला — मंजूर.

खोटं बोललो. तेही जुम्म्याच्या दिवशी.

५ ऑगस्ट, मंगळवार

छपाई. फळी दाराएवढी, म्हणून शाई लावून वर कापड घालायचं आणि पायांनी तुडवायचं. सगळी गल्ली आली! कुणीतरी गाणी लावली. पाक सुकीर पोट सांभाळत नाचला. बू तुम्बिनीनेही साडेतीन पावलं टाकली. मग कापड उचललं.

"मी कुठे रे यात, वागियो?" बू तुम्बिनीने मला विचारलं.

म्हटलं, ठशात सगळं उलटं येतं, पलीकडच्या बाजूला बघा. बिचारीने कापडाची मागची बाजूही बघितली.

१२ ऑगस्ट, मंगळवार

गणवेशातली माणसं आली. हातात माझा ठसा! एक बोट चित्रावर, एक गल्लीवर.

"इथे गाडी नाही."

"अहो, ही काय समोर!" पाक सुकीर म्हणाला.

"मंजूर चित्रात नाही."

गाडी नेली. टोपली नेली. दोऱ्यांवरचे ओले कपडेसुद्धा. तारांकडे बघून जरा विचारात पडले, पण तारांना वीज होती. मग टपरीपाशी थांबले, चित्र बघितलं आणि मुर्तिनाहला चक्क सलाम ठोकला.

पाक सुकीर ठशाकडे बघत राहिला. "हात साफ आहे हो तुझा," एवढंच म्हणाला. दंड भरून गाडी-टोपली सोडवली की दोघं आता नदीपलीकडे बसणार आहेत. तिकडचं चित्र अजून कुणी केलेलं नाही.

१७ ऑगस्ट, रविवार

झेंडा. भाषण. "कलावंताच्या नजरेतून नगर घडलं!" मला प्रमाणपत्र. मांजराचंही कौतुक झालं.

घरी आलो तर सोतोचं पातेलं काठोकाठ. पाच दिवस गल्लीतलं कुणी फिरकलेलं नाही. मुर्तिनाहने एकदाच विचारलं, "माझी टपरी ठेवलीत, ते कुणाला विचारून?"

१९ ऑगस्ट, मंगळवार

पहाटेच्या नमाजेहून परतलो. टपरी नाही. नदीपलीकडे, गाडी आणि टोपलीच्या मधोमध, तिच्या पातेल्याची वाफ दिसते.

फळी टेबलावर आहे. सुकलेल्या काळ्या शाईत, जिन्याखाली, टपरीच्या जागी ताजं पांढरं लाकूड. कोरणीची सवय नाही मुर्तिनाहला — फार खोल गेलीय.

जिना उभा आहे.