जत्रेत घेतलेलं नाव

माय, काल दवाखान्याच्या खिडकीत पेशंटचं नाव विचारलं आणि माझी दातखीळच बसली. छातीत दुखतंय म्हणून अण्णांना आत नेलेलं, आणि मला आठवली ती घनसावंगीकडची जत्रा. मी सहा वर्षांची. रेवड्या बघत तुझा पदर सोडला आणि वळून बघते तर सगळी लुगडी परकी. रडून घसा बसल्यावर कुणीतरी मला माइकवाल्याच्या मंडपात नेऊन उभं केलं. "बापाचं नाव काय गं?" तो विचारतोय आणि मी ओठ घट्ट मिटलेले. नाव मला येत होतं. पण बाईनं नाव घेतलं की माणसाचं आयुष्य घटतं, असं आजी सांगायची. तू कधी घेत नव्हतीस, मग मी कशी घेणार? "आमच्यात न्हाई घेत," मी म्हणाले. माइक चालू होता. अख्खी जत्रा हसली.

तू धावत आलीस, एका पायात चप्पल नाही. माइकवाला मात्र खट. "वळख पटल्याबिगर पोरगी देणार न्हाई. मालकाचं नाव सांगा."

"भाऊ, ते पाळण्याकडं तिला हुडकून राह्यलेत, येतीलच."

"मंग पोरगी बी थांबंल."

समोर तुझे सासरे, सगळी भावकी. तू माझ्याकडं पाहिलंस, माझी चड्डी ओली झालेली, आणि डोळे मिटून नाव घेतलंस, आडनावासकट. भोंग्यातून ते साऱ्या जत्रेनं ऐकलं. शिट्ट्या वाजल्या. "आणखी एकदा घ्या, वहिनी!" कुणीतरी ओरडलं. तू आधी मला एक ठेवून दिलीस, मग कडेवर घेतलंस. आणि तडक पाळण्याकडं चालत सुटलीस. मला वाटलं, लाजेनं. पण परतताना जीपमध्ये अण्णा हसून बेजार झाले होते आणि तू मात्र त्यांच्या छातीकडं बघत होतीस, श्वास बरोबर चाललाय का. मग मीही बघायला लागले. पुढं कितीतरी दिवस ते दुपारी पडले की मी शेजारी जाऊन बसायची.

त्यांना काही झालं नाही. तूच गेलीस, माझ्या लग्नाच्याही आधी. बाया म्हणाल्या, सवाष्ण गेली, नशीबवान. मला फार भीती वाटली तेव्हा. त्यांचं घटलेलं आयुष्य तू आपल्यातून तर भरून दिलं नाहीस ना? हे कुणाला सांगायची सोय नाही, मी शाळेत विज्ञान शिकवते.

तर काल खिडकीपुढं मी तिसरीतल्या लेकाला पुढं केलं, म्हटलं, तू सांग. त्यानं खणखणीत आवाजात नाव सांगितलं आणि वर मागं वळून रांगेला ऐकवलं, "माझ्या आईला आजोबांचं नावच येत नाही!" सगळे हसले. अण्णा अजून आतच आहेत. काचेतून त्यांची छाती वरखाली होताना बघत मी हे लिहितेय, पर्समध्येच राहील. "खरंच विसरलीस?" लेकानं मग हळूच विचारलं. मी हो म्हणाले.

विसरले नव्हते, माय.